संध्याकाळचं पाणी

"आजी, जीभ दाखवा बरं."

पार्वताबाईंनी आधी दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे, आणि नाइलाजाने जीभ जराशी बाहेर काढली. जीभ कोरडी होती, मधोमध भेगाळलेली. संघमित्राने त्यांच्या गळ्याखालची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी लगेच खाली बसली नाही. तशीच उभी राहिली आणि मग हळूहळू जागेवर गेली.

ही सतरावी खाट होती. सकाळपासून पाहिलेल्या सोळा जिभांपैकी अकरा अशाच होत्या.

साक्रीच्या बाहेर, पिंपळनेरच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला फुलाबाई सेवासदन लागतं. बावीस म्हातारी माणसं, त्यातली बरीचशी अंथरुणाला खिळलेली. संघमित्रा अहिरे सत्तावीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. गेली दोन वर्षं ती अशा घरांची पाहणी करणाऱ्या जिल्ह्याच्या समितीत काम करत होती. हातात ऐंशी प्रश्नांचा तक्ता असायचा. होय किंवा नाही, एवढंच लिहायचं. नाही जास्त झाले की त्या घराची मान्यता जायची.

इथे नाही लिहायला जागाच मिळत नव्हती. फरशी पुसलेली, चादरी पांढऱ्या, औषधांच्या पुड्यांवर नावं घातलेली. "पिण्याचे पाणी उपलब्ध आहे का?" या बत्तिसाव्या प्रश्नापुढे तिने दहा वाजताच होय लिहिलं होतं. व्हरांड्यात थंड पाण्याचं यंत्र होतं आणि प्रत्येक खाटेशेजारी झाकलेला तांब्या. एप्रिलचा दुसरा आठवडा होता, बाहेर उन्हाचा नुसता जाळ. पाणी सगळीकडे होतं आणि जिभा कोरड्या होत्या. तिला एका जागी उभं राहवेना. पेनाचं बटण ती उगाच दाबत, सोडत राहिली.

"मॅडम, जेवण तयार आहे," व्यवस्थापक भूपेंद्र म्हणाला. पस्तिशीतला, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. "शेठजींनी खास निरोप दिलाय, जेवल्याशिवाय सोडायचं नाही."

"पुरुषांची खोली राहिली आहे."

"तिकडे सगळं असंच आहे. जेवून घ्या, मग पाहा."

"आधी पाहते."

पुरुषांच्या खोलीत कोपऱ्यातल्या खाटेवरून कोणीतरी मोठ्याने मोजत होतं. "लाभ... दोन... तीन... लाभ... दोन..."

"हे तोतारामनाना," भूपेंद्र म्हणाला. "दोंडाईच्याच्या बाजारात मापाडी होते. मिरचीची पोती तोलायचे. एकाला लाभ म्हणायची त्यांची पद्धत. आता वयामुळे बरळतात."

"कधीपासून?"

"परवापासून जरा जास्त आहे."

संघमित्राने कपाळाला हात लावला. कपाळ तापलं होतं आणि काखेत घामाचा टिपूस नव्हता. डोळे खोल गेलेले. लघवीचं भांडं तिने उचलून पाहिलं. तळाला चहासारखं घोटभर काहीतरी होतं.

"नाना, ऐकू येतं का? मी कोण?"

"तीनच्या पुढं जाईना," तोताराम म्हणाले. "पोतं कोन हलाई राहिना?" आणि पुन्हा लाभपासून सुरू झाले.

"हे बरळणं नाही," ती म्हणाली. "अंगातलं पाणी संपलंय. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवं. गाडी आहे?"

"गाडी शेठजींकडे असते. मी फोन करतो. डॉक्टर गुरुवारी येतात, तोवर..."

गुरुवारला दोन दिवस होते. ती व्हरांड्यात आली. समितीची जीप झाडाखाली उभी होती आणि ड्रायव्हर मगन आत पाय लांबवून पडला होता.

"मगनभाऊ, पेशंट न्यायचा आहे. साक्रीला दाखवा, त्यांनी पुढे पाठवलं तर धुळ्यापर्यंत जा. भूपेंद्र बरोबर येतील."

"आन् तुमी ताई?"

"मी इथेच थांबते."

"साहेब इच्यारतीन ना, जीप कुठं व्हती म्हनून."

"विचारू द्या. माझं नाव सांगा."

चादरीची झोळी करून चौघांनी नानांना उचललं. वजन असं नव्हतंच. जीप निघून गेली तशी सदनात एकदम शांतता झाली, आणि आपण संध्याकाळपर्यंत इथे अडकलो आहोत हे तिच्या लक्षात आलं. पाहण्या नेहमी दुपारी दोनला संपायच्या. संध्याकाळी अशी घरं कशी असतात हे तिने दोन वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं.

जेवण तिला गेलं नाही. दोन घास खाऊन तिने ताट सरकवलं आणि व्हरांड्याच्या टोकाला जाऊन पहूरला फोन लावला. तिचे वडील, आबा, वय शहाऐंशी, भावाकडे असत. कंबरेचं हाड मोडल्यापासून दोन वर्षं खाटेवरच.

"जयभीम ताई," भावजयीचा, सविताचा आवाज आला. "आज दुपारीच फोन? सगळं बरं हाये ना?"

"बरं आहे गं. आबा पाणी किती पितात?"

"पेता ना. सकाळी पेता, जेवताना पेता."

"आणि संध्याकाळी?"

"सांजच्याले पेतच नही. मी देते, ते म्हनता ठिव तठी. सकाळी पाह्यलं तं गिलास तसाच ऱ्हातो. म्हाताऱ्या मानसाले लागत नसंन, असं मले वाटलं."

"बरं."

"तुमी कधी येता ताई? मागच्या महिन्यात येते म्हने होत्या."

येते, असं काहीतरी पुटपुटून तिने फोन ठेवला. बापाला औषधं कोणती, गोळ्या वेळेवर देतात का, पाठीला फोड आले का, सगळं ती फोनवर विचारायची. पाण्याचं तिने कधी विचारलं नव्हतं. व्हरांड्यात ती या टोकापासून त्या टोकापर्यंत किती वेळा फिरली याचा तिला हिशेब राहिला नाही.

चार वाजता दिवसपाळीची बाई चहा घेऊन आली. तो बहुतेकांनी बशीभर घेतला. त्यानंतर संघमित्राने स्वतः तांब्या उचलला आणि बायकांच्या खोलीत खाटेखाटेपाशी गेली. एकीने डोळे मिटून घेतले. दुसरी म्हणाली, पोट भरलं आहे. तिसरीने पेला हातात घेतला, ओठाला लावला आणि तसाच भरलेला परत दिला.

पार्वताबाईंच्या खाटेवर ती टेकली. "आजी, घोटभर घ्या."

"नको माय. आते नको."

"तहान लागत नाही?"

"तीस कसी लागाव नही? मानूस शे ना मी." पार्वताबाईंनी ओठांवरून जीभ फिरवली. "पन पेवानं नही."

"कोणी सांगितलं पिऊ नका म्हणून? भूपेंद्रने? त्या रात्रीच्या बाईने?"

"कोनी नही सांगं." म्हातारीने आवाज खाली आणला. "आम्हीच ठरावं, बठ्ठास्नी. दिवाळीनंतर."

धुळ्यात इतकी वर्षं काढल्यामुळे संघमित्राला अहिराणी सगळी कळायची. तरी तिने पुन्हा विचारलं, "तुम्ही सगळ्यांनीच?"

"रातले ती पोर एकली शे, ज्योत्स्ना. आम्ही बावीस. एकले उठाडं का दुसरी हाक मारस. दुसरीले बसाडं का तठेन तो बाबा वरडस. येक दिन मोरीजोडे बशीसन रडी राहिंती. कंबर धरेल. मंग आम्ही म्हनं, आपलंच तोंड बंद करूत. पेवानंच नही, त जावानं नही." पार्वताबाई चादरीची कड बोटांनी सारखी करत राहिल्या. "आनि दुसरं बी शे. मना आंडोर, मना पोऱ्या, देखाले उना व्हता. आंथरून वलं. त्यानी नाकले रुमाल लावा. बोलना काहीच नही. पन मी देखं ना."

संघमित्राने हातातला पेला खाली ठेवला.

"तिले सांगू नको हां," म्हातारी म्हणाली. "तिले मालूम नही."

पाच वाजता दिवसपाळीच्या दोघी गेल्या आणि ज्योत्स्ना आली. चोवीस-पंचवीस वर्षांची, पिंपळनेरच्या वरच्या डोंगरपाड्यावरची. कंबरेला ओढणी आवळून बांधलेली. पाहणीच्या बाई अजून इथेच आहेत हे पाहून ती दारातच थबकली. मग कामाला लागली. संघमित्राने साडीचा पदर खोचला आणि तिच्याबरोबर उभी राहिली. एकीने खांदे धरायचे, दुसरीने पाय. कूस बदलायची, चादर ओढायची, पाठ पुसायची. तीन खाटा झाल्या तेव्हा संघमित्राला घामाने भिजल्यासारखं झालं. ज्योत्स्ना हे रोज एकटीने करत होती.

"संध्याकाळी ही माणसं पाणी पीत नाहीत," चौथ्या खाटेपाशी संघमित्रा म्हणाली. "तुला माहीत आहे?"

ज्योत्स्नाचे हात थांबले नाहीत. "दिवाळीनंतर रात्री हाका कमी झाल्या, मॅडम. मला वाटलं थंडीमुळे झोप लागत असेल."

"आता एप्रिल आहे."

"हो." तिने उशी झटकली. "मी विचारलं नाही. विचारलं असतं आणि त्यांनी पुन्हा प्यायला सुरुवात केली असती, तर मी एकटीने कसं केलं असतं? तोतारामनानांचा तांब्या चार दिवस तसाच होता. मी पाहत होते, मॅडम."

एवढं बोलून ती पुढच्या खाटेकडे गेली. संघमित्राला तिच्यावर रागावता आलं नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी, तीस खाटांच्या वॉर्डात एकटी असताना, हाक ऐकू आली नाही असं तिनेही अनेकदा केलं होतं. ते तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

सूर्य मावळायला अर्धा तास असताना हस्तीमल शेठ आले. शहात्तर वर्षांचे, पांढरंशुभ्र धोतर, हातात काठी. गावात त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि हे सदन त्यांनी आईच्या नावाने बांधलं होतं. भूपेंद्रने दवाखान्यातून त्यांना फोन केला होता. नानांना सलाईन लावून धुळ्याला हलवलं होतं.

"ताई, आमच्याकडून काय चुकलं?" त्यांनी उभ्याउभ्याच विचारलं. "मी रोज इथे येतो. भाजी चाखून पाहतो. चादरी मोजून घेतो."

संघमित्राने जे पाहिलं ते सांगितलं. पार्वताबाईंचं नाव घेतलं नाही. शेठ खुर्चीत बसले.

"हे लोक संध्याकाळी पाणी घेत नाहीत, हे मी पाहिलंय," ते हळू म्हणाले. "मला त्यात वाईट दिसलं नाही. आमच्या जैनांत सूर्य मावळला की थेंब नाही. चोविहार. मी चाळीस वर्षं पाळतो. माझ्या आईने शेवटच्या दुखण्यातही मोडला नाही. मला वाटलं, वय झालं की माणूस आपोआप संयमाकडे वळतो. खरं सांगू? कौतुक वाटायचं."

"शेठजी, तुमच्या आईंना रात्री उठायचं झालं तर कोण असायचं?"

"आम्ही चार भाऊ, चार सुना. कोणी ना कोणी जागंच असायचं."

"म्हणजे त्यांनी धर्मासाठी सोडलं. हे लाजेपायी सोडतात. आणि त्या मुलीची दया येते म्हणून."

शेठनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पिशवीतून आपली बाटली काढली, आणि दिवस मावळायच्या आत प्यायचं ते पाणी न पिता बाटली तशीच मांडीवर धरून बसून राहिले. "मला कोणी सांगितलं नाही," ते म्हणाले. "मी रोज येत होतो, ताई."

तक्त्यात ऐंशीपैकी चौऱ्याहत्तर होय भरले. खाली शेऱ्यासाठी दोन ओळींची जागा होती. संघमित्राने दोन पानं वेगळी लिहून जोडली. बावीस माणसांना रात्री एकच बाई आहे. त्यामुळे माणसं पाणी पीत नाहीत. एक जण अत्यवस्थ आहे. रात्रपाळीला किमान तिघी हव्यात. शेवटी तिने लिहिलं, यात सध्याच्या रात्रपाळीच्या बाईचा दोष नाही, आणि त्या ओळीखाली रेघ मारली.

धुळ्याच्या कार्यालयात साहेबांनी पानं उलटली. "चौऱ्याहत्तर होय असलेल्या घराला नोटीस? शेऱ्याला गुण नसतात, सिस्टर."

"मग एक्याऐंशीवा प्रश्न घाला, सर. माणसं पाणी पितात का."

नोटीस गेली. एका महिन्याची मुदत.

तोताराम चौथ्या दिवशी गेले. दाखल्यावर कारण लिहिलं होतं, वार्धक्य. संघमित्राला ते मगनकडून कळलं. तिने रविवारची वाट पाहिली नाही. शनिवारीच रजा टाकून पहूरला गेली आणि संध्याकाळी सहा वाजता बापाच्या खाटेवर पेला घेऊन बसली. आबा आधी नाहीच म्हणाले. "त्या सविताची पाठ दुखते. तिले कितींदा उठवू?" स्वयंपाकघरात सविताने ते ऐकलं आणि भाकरी तव्यावर तशीच टाकून बाहेर आली. तीही रडली, आबाही रडले. राजदीप, संघमित्राचा भाऊ, दाराशी उभा होता. रात्री आबांजवळ मी झोपतो, एवढंच तो म्हणाला. दोन वर्षांत हे कोणाला सुचलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी ती न कळवता सदनात गेली, संध्याकाळी सहाच्या एसटीने. रात्रपाळीला आता तिघी बायका होत्या. हस्तीमल शेठ स्वतः पुरुषांच्या खोलीत तांब्या घेऊन फिरत होते. ओठ कोरडे, कारण त्यांची स्वतःची वेळ होऊन गेली होती.

"अजून सात-आठ जण घेत नाहीत," ते म्हणाले. "सवय मोडायला वेळ लागतो."

"ज्योत्स्ना दिसत नाही."

शेठनी तांब्या खाली ठेवला. "ती गेली, ताई. नोटीस आली त्या दिवशी भूपेंद्र तिला सगळ्यांसमोर बोलला. तुझ्यामुळे सदनाची अब्रू गेली म्हणून. मी गावात नव्हतो. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन निघून गेली. मी माणूस पाठवला होता, आली नाही."

"मी लिहिलं होतं, तिचा दोष नाही. त्याखाली रेघ मारली होती."

"ते मी वाचलं. तिला कोणी वाचून दाखवलं नाही."

संघमित्राने तिथेच व्हरांड्यात उभं राहून फोन लावला. पलीकडे कुठेतरी कोंबड्यांचा गलका होता. ज्योत्स्ना म्हणाली, ती आता पपईच्या मळ्यात जाते. कंबर बरी आहे. रात्री झोप लागते. संघमित्रा माफीचे शब्द शोधत होती, तेवढ्यात तिनेच विचारलं, "मॅडम, आजी पाणी पितात का आता?"

"पितात."

"मग झालं," ज्योत्स्ना म्हणाली आणि फोन बंद झाला.

बायकांच्या खोलीत पार्वताबाई खाटेवर बसल्या होत्या. त्यांनी संघमित्राला ओळखलं, पण हसल्या नाहीत.

"पेस मी आते. सांजले येक, जेवानंतर येक," त्या म्हणाल्या. "पन जिनासाठे सोडं, ती तर गयी."

संघमित्रा नुसती शेजारी बसून राहिली. तिला उठून जावंसं वाटत होतं आणि जाता येत नव्हतं. थोड्या वेळाने पार्वताबाईंनी पाय खाटेखाली सोडले.

"माले जावानं शे."

नवी बाई शेवंताबाई भांडं घेऊन धावत आली. "उठू नका आजी, इथंच घ्या. बाकीच्या घेतातच की."

"नही. मी चालत जासू."

मोरी व्हरांड्याच्या पार शेवटी होती, पुरुषांच्या खोलीच्या पलीकडे. संघमित्राने दंड पुढे केला आणि पार्वताबाईंनी तो धरला. एक पाऊल, मग थांबायचं, श्वास घ्यायचा, मग दुसरं. त्यांच्या पायांची थरथर तिच्या हातापर्यंत येत होती. शेवंताबाई मागून भांडं घेऊन चालत होती.

पुरुषांच्या खोलीच्या उघड्या दारापाशी आल्यावर पार्वताबाई थांबल्या. संघमित्राला वाटलं, दमल्या असतील. पण त्यांनी तिचा दंड सोडला. खांद्यावरून घसरलेला पदर दोन्ही हातांनी उचलून डोक्यावर घेतला, कानामागे नीट खोचला, पाठ होईल तेवढी ताठ केली, आणि आत न पाहता, कोणाचाही आधार न घेता, त्या दारासमोरून पुढे गेल्या. पलीकडच्या भिंतीपाशी पोचल्यावरच त्यांनी आधारासाठी हात मागे केला.